मार्सेलाचं शून्य

एका कोलंबियन मुलाचं अपेंडिक्स काढलं आणि ते अगदी निरोगी निघालं, तिथून हे सगळं सुरू झालं. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात इतकं दुखायचं, की तो जमिनीवर लोळायचा. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, आईला अजिबात नाही, आणि डॉक्टरांना स्पॅनिश. पोटावर टाके पडल्यावर दुभाषी बाईंनी जवळ बसून त्याला विचारलं, तेव्हा कळलं की पोरगा भीतीने आजारी पडत होता.

सुप्रभा मिराशी तेव्हा दक्षिण लंडनमधल्या एका क्लिनिकमध्ये मुलांची मानसोपचारतज्ज्ञ होती. नवऱ्याबरोबर पुण्याहून आली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. घर वेम्बलीला, काम एलिफंट अँड कासलच्या पलीकडे, म्हणजे रोज भुयारी रेल्वेची जवळजवळ अख्खी बेकरलू लाइन पालथी घालायची. क्लिनिकच्या आजूबाजूला कोलंबिया, पेरू, इक्वेडोरमधून आलेली कितीतरी कुटुंबं राहत होती, पण त्यांचं एकही मूल क्लिनिकची पायरी चढत नव्हतं. शिक्षक म्हणायचे, "फार गुणी मुलं. काही त्रासच नाही."

त्या अपेंडिक्सनंतर टीमने ठरवलं की जवळच्या तीन शाळांतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची चाचणी घ्यायची. भीती, काळजी, धास्ती यांनी आतून पोखरलेलं मूल वेळेत सापडावं एवढाच हेतू. प्रश्नावली स्पॅनिशमध्ये तयार होती. एकेक वाक्य वाचून दाखवायचं – 'मला काळोखाची भीती वाटते', 'माझं काळीज जोरात धडधडतं', 'काहीतरी वाईट होणार असं मला वाटतं' – आणि मुलाने तीनपैकी एक उत्तर द्यायचं. नुंका, म्हणजे कधीच नाही, त्याला शून्य गुण. आ वेसेस, म्हणजे कधी कधी. सिएंप्रे, म्हणजे नेहमी.

दुभाषी पिलारबाई फक्त मंगळवारी यायच्या. बाकीच्या दिवशी काम अडू नये म्हणून सुप्रभाने ती वाक्यं त्यांच्याकडून घोकून घेतली. इंग्रजी अक्षरांत लिहून घेताना वाक्यांचा उच्चार बिघडायचा, देवनागरीत मात्र ती सरळ उतरायची. 'तेंगो मिएदो' – मला भीती वाटते. तेवढी वाक्यं सोडली, तर साधं 'दार कुठे आहे' हेही तिला स्पॅनिशमध्ये विचारता आलं नसतं.

मार्सेला अकरा वर्षांची होती. शाळेच्या नर्सच्या खोलीत ती खुर्चीच्या कडेवर बसली, अंगातला कोट काढला नाही, आणि प्रत्येक वाक्याला एकच उत्तर दिलं.

"नुंका."

काळोख? नुंका. परीक्षा? नुंका. अनोळखी माणसं? नुंका. इतर मुलं थोडा विचार करायची, हसायची, एखाद्या वाक्याला खाली बघायची. ही मुलगी वाक्य संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. मध्येच बाहेर कोणीतरी खुर्च्यांची चळत पाडली. एवढा धडाका झाला की सुप्रभाच्या हातातलं पेन उडालं. मार्सेला जागची हलली नाही. पण तिचा श्वास थांबला, आणि बाहेर पुन्हा सगळं शांत होईपर्यंत थांबलेलाच राहिला.

बेरीज आली शून्य.

"शून्य म्हणजे उत्तम," टीमचे प्रमुख म्हणाले. "ज्यांचे गुण पंचवीसच्या वर आहेत, त्यांच्याकडे बघू या आपण. तीच रांग मोठी आहे."

संध्याकाळी सुप्रभाने ते नवऱ्याला सांगितलं. शशिधर भूलतज्ज्ञ होता. दोघं एकाच वर्गातली, त्यामुळे घरात अरेतुरेच चालायचं.

"शशी, अकरा वर्षांच्या मुलीला परीक्षेचीसुद्धा भीती वाटत नाही, असं होईल का रे?"

"टेबलावर घेतलेला पेशंट हसून सांगतो ना, डॉक्टर, आय ॲम फाइन," शशिधर कुकरची शिट्टी काढत म्हणाला, "तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. मॉनिटर बघतो. तू तिची पल्स बघ."

पुढच्या आठवड्यात उंची-वजनाचं निमित्त काढून सुप्रभाने मार्सेलाला पुन्हा बोलावलं. वजन केलं, उंची मोजली, आणि गप्पा मारत मारत तिचं मनगट हातात घेतलं.

"शाळा सुटल्यावर घरी कोण असतं?"

"आई," मार्सेला म्हणाली. इंग्रजी तिचं छान होतं. चेहऱ्यावर गोड हसू होतं.

"आणि धाकटी बहीण?"

"पाओला. ती पाच वर्षांची आहे. तीपण आईजवळ."

सुप्रभाच्या बोटांखाली ती नाडी एखाद्या मुठीत पकडलेल्या पाखरासारखी उडत होती. मिनिटाला एकशे तीसच्या घरात. वर तेच हसू. एवढी घाबरलेली मुलगी एवढी शांत बसायला शिकली कधी, आणि शिकवलं कोणी?

त्यानंतर मार्सेला शाळेत आलीच नाही. पाओलाही नाही. शाळेने सांगितलं, सर्दी असेल, सगळ्यांनाच झालीय. घरी फोन नव्हता. प्रमुखांनी सुचवलं की पत्र टाकावं. सुप्रभाने पत्र टाकलंही. पण आपण मनगट धरल्यामुळेच ती पोर बिथरली, हा विचार काही केल्या तिची पाठ सोडेना. शुक्रवारी दुपारचं काम आटोपलं, तशी तिने ऑफिसात सांगून ठेवलं आणि पत्ता घेऊन एकटीच निघाली.

जानेवारी महिना. चार वाजले नाहीत तोवर दिवे लागलेले. कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, त्या इमारती लांबच लांब, राखाडी, आणि प्रत्येक मजल्यावर उघडा सज्जा, त्या सज्ज्यातून एकापाठोपाठ एक दारं. लिफ्ट बंद होती. जिन्यात तीन पोरं बसली होती. त्यांनी पाय काढले नाहीत, सुप्रभाला त्यांच्यावरून पाय टाकून जावं लागलं. मागून कोणीतरी शिवी दिली, ती तिच्या रंगावरून होती. तिने मागे पाहिलं नाही. पर्स तिने पोटाशी घट्ट धरली होती. परत फिरावं, सोमवारी कोणाला तरी बरोबर घेऊन यावं, असं दोनदा मनात आलं.

मार्सेलाच्या घराच्या दारावरच्या काचेतून आत अंधुक, पिवळसर उजेड दिसत होता. तिने दार वाजवलं.

उजेड गेला.

"मार्सेला?" तिने हाक मारली. "मी डॉक्टर मिराशी. शाळेतली."

काहीच नाही. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात. रिकाम्या घराची शांतता वेगळी असते. इथे आत कोणीतरी शांत राहत होतं. तिने वाकून दारातली पत्र टाकायची फट ढकलली. आत मिट्ट काळोख. आणि त्या काळोखात, दाराच्या अगदी जवळ, कोणाचा तरी अर्धवट घेतलेला श्वास.

"मार्सेला, मला फक्त तुम्ही बऱ्या आहात का तेवढं बघायचंय. आई आहे का आत?"

ती जितकं इंग्रजी बोलत होती तितकी ती शांतता घट्ट होत होती. सुप्रभा फटीपाशी तोंड नेऊन पुन्हा बोलणार, तोच नाकात वास शिरला. जळक्या लोकरीचा.

"दार उघड!" ती ओरडली. "काहीतरी जळतंय! मार्सेला, दार उघड!" दोन्ही हातांनी ती दार बडवू लागली, आणि बडवता बडवता तिला कळून चुकलं की आपण हे जे करतोय त्यानेच आतली पोर आणखी आत जाणार. दार बडवणारा, इंग्रजीत ओरडणारा माणूस आला तर काय करायचं, हे तिला कोणीतरी नीट पढवून ठेवलं होतं.

शेजारचं दार साखळीपुरतं उघडलं. एक म्हातारी गोरी बाई डोकावली.

"कशाला आदळआपट करताय? त्या घरात कोणी राहत नाही."

"आत मुलं आहेत! आग लागलीय. प्लीज, नाइन-नाइन-नाइनला फोन करा!"

"मुलं?" म्हातारीचा चेहरा पांढरा पडला. "मी भिंतीला भिंत लावून राहते. कधी आवाज नाही आला." पण ती फोनकडे धावली.

फटीतून आता धूर येत होता. सुप्रभाने खांदा मारून पाहिला, दार ढिम्म हललं नाही. काच फोडायला हाताशी काही नव्हतं, आणि त्या काचेत तारेची जाळी होती. फायर ब्रिगेड यायला किती वेळ लागेल? तोवर धूर पुरे होता. मुलं आगीत मरत नाहीत, धुराने मरतात, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचा आत्ता काडीचा उपयोग नव्हता. ती गुडघ्यांवर बसली. तोंड फटीला लावलं. तिला स्पॅनिश येत नव्हतं. जे येत होतं तेवढंच होतं.

"तेंगो मिएदो," ती म्हणाली. मला भीती वाटते.

आवाज चाचणी घेताना असायचा तसाच निघाला, सपाट. तिने पुढचं वाक्य म्हटलं. मला काळोखाची भीती वाटते. मग त्याच्या पुढचं. माझं काळीज जोरात धडधडतं. धुराने डोळ्यांत पाणी आलं, घसा धरला. काहीतरी वाईट होणार असं मला वाटतं. हे वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला. तिने ते शंभर वेळा मुलांना वाचून दाखवलं असेल, पण ते स्वतःबद्दल म्हटलं नव्हतं. आता म्हणत होती. घरात एकटं असताना मला भीती वाटते. रडत रडत, उच्चार चुकत, ती तीच पाच-सात वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तेंगो मिएदो. तेंगो मिएदो.

आतून, अगदी कानाजवळ, एक घोगरा आवाज आला.

"सिएंप्रे."

नेहमी.

मग वरची कडी सरकली, मग खालची, मग खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि दार उघडलं.

मार्सेला खोकत उभी होती. सुप्रभाने तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. "पाओला?" मार्सेलाने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. सुप्रभाने गळ्यातली शाल तोंडावर धरली आणि आत शिरली. पलंगाजवळ ब्लँकेटचा ढीग धुमसत होता, त्याच्या कडेने छोट्या निळसर ज्वाळा धावत होत्या. पाओला पलंगावर नव्हती. पलंगाखाली नव्हती. धुरात काही दिसेना. इथेच कुठेतरी आहे आणि आपल्याला सापडत नाही. मग तिने कपाट उघडलं. टांगलेल्या कपड्यांच्या मागे, तापाने फणफणलेली ती चिमुरडी स्वतःच्याच हाताने तोंड दाबून बसली होती. सुप्रभाने तिला उचललं, तरी तिने हात काढला नाही.

बंब आले. भराभर बूट वाजवत माणसं जिन्यावरून वर आली, हेल्मेटं, गणवेश, पट्टे. मार्सेलाने ते पाहिलं मात्र, ती सुप्रभाच्या कोटात शिरली आणि तिथेच तिला कपड्यांत लघवी झाली. "आग विझवायला आलेत गं," सुप्रभा सांगत होती. ते तिच्या कानापर्यंत पोहोचत नव्हतं.

खाली अंगणात गर्दी जमली होती. ॲम्ब्युलन्समध्ये पाओलाला ऑक्सिजन लावला, तेव्हा सुप्रभाला दिसलं की मार्सेला एकाच दिशेने बघतेय आणि मुद्दाम बघत नसल्यासारखं करतेय. गर्दीच्या मागे एक बाई उभी होती. सफाई कामगारांचा निळा झगा, त्यावर जाकीट, मूठ तोंडात कोंबलेली. ती पुढे येत नव्हती. आणि मार्सेला तिला हाक मारत नव्हती. आपल्या आईला ओळख न देणं हेही त्या पोरीला पाठ होतं.

सुप्रभा तिच्या दिशेने चालू लागली. बाई दोन पावलं मागे सरली. "पाओला ओके," सुप्रभा लांबूनच म्हणाली. "मार्सेला ओके. बोथ ओके." बाईने एकदा गणवेशवाल्यांकडे पाहिलं, एकदा ॲम्ब्युलन्सकडे, आणि मग ती जी धावली, ती वाटेतल्या पोलिसालासुद्धा ढकलून धावली.

तिचं नाव ग्लादिस. मंगळवारी पिलारबाई आल्या तेव्हा सगळं उलगडलं. ग्लादिस दुपारी जवळची ऑफिसं झाडायला जायची, ती रात्री आठला परतायची; आगीच्या दिवशी बंबांचा आवाज ऐकून ती कामावरूनच धावत आली होती. तेवढा वेळ मुली घरात. उजेड कमी, आवाज नाही, दार कोणासाठीही उघडायचं नाही. विजेच्या मीटरमध्ये आधी पैसे टाकावे लागत, ते संपले होते, म्हणून त्या दिवशी मेणबत्ती. त्यांच्या गावी, कोलंबियातल्या काली शहरात, एका संध्याकाळी गणवेशातली माणसं आली होती. नवरा आत जेवत होता. दार ग्लादिसने उघडलं होतं. त्यांनी नेलेला नवरा परत आला नाही.

"ती म्हणते, दार मी उघडलं," पिलारबाई म्हणाल्या आणि पुढचं भाषांतर करायच्या आधी त्यांनी चष्मा काढून पुसला.

दार वाजलं की आधी उजेड झाकायचा, हा ग्लादिसचा नियम होता. मार्सेलाने मेणबत्तीवर ब्लँकेट टाकलं होतं. दार वाजवलं होतं सुप्रभाने. हे कळलं त्या दिवशी ती बेकरलू लाइनवर वेम्बलीच्या पुढे दोन स्टेशनं गेली, तरी तिला उतरायचं भान राहिलं नाही.

सोशल सर्व्हिसेसला कळवणं भाग होतं. अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांची मुलगी, घरात आग. ग्लादिसने सुप्रभाचे हात धरले, पायही धरू पाहिले. "मुली घेऊन जातील," एवढं इंग्रजी तिला येत होतं. सुप्रभाने तरीही कळवलं. आणि मुली नेल्याच. काही आठवडे त्या क्रॉयडनच्या एका कुटुंबात राहिल्या. त्या आठवड्यांत फोन वाजला तरी सुप्रभा दचकायची. स्वयंपाक करताना मध्येच गॅस बंद करून वास घेत उभी राहायची.

"सुप्रभा, काही जळत नाहीये," शशिधर म्हणायचा.

"माहितीये मला."

"मग?"

"तरी भीती वाटते."

प्रत्येक बैठकीला ती जाऊन बसली. ग्लादिसला शाळेच्या वेळेतलं काम मिळेल का, शाळेनंतर मुलींना कुठे ठेवता येईल, तात्पुरतं घर, वीज, सगळ्यासाठी ती लोकांच्या मागे लागली. टीमच्या प्रमुखांनी एक दिवस स्वतःहून सांगितलं की यापुढे ज्यांची बेरीज शून्य, त्यांनाही पुन्हा भेटायचं. वसंतात मुली आईकडे परत आल्या. ग्लादिसने इंग्लंडमध्ये आश्रयासाठी केलेल्या अर्जाचा निकाल मात्र टांगलेलाच होता, आणि तो पुढे दोन वर्षं टांगलेला राहणार होता. शेवटी राहायची परवानगी मिळाली. पण तोवर त्या घरात पोस्टमन आला की तिघींचे चेहरे उतरायचे.

त्याच वसंतात मार्सेला क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आली. खुर्चीत बसताच ती म्हणाली,

"तुम्ही आला नसतात तर आग लागली नसती."

"हो," सुप्रभा म्हणाली.

"आणि आम्हाला त्या लोकांकडे जावं लागलं नसतं. पाओला तिथे रोज रडायची. आवाज न करता."

"हो. ते माझ्यामुळे झालं."

मार्सेलाने तिच्याकडे रोखून पाहिलं. नाकारेल, समजूत घालेल, अशी तिची अपेक्षा असावी. "मला तुमचा राग आहे," ती म्हणाली.

"असू दे. इथे येऊन रागावलीस तरी चालेल."

त्या दिवशी पुन्हा प्रश्नावली झाली. या वेळी बेरीज इतकी मोठी आली की टीममध्ये नुकतीच आलेली एक डॉक्टर काळजीत पडली. सुप्रभाने तो कागद बघितला आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिचा जीव भांड्यात पडला. आता कुठून सुरुवात करायची ते तरी कळत होतं.

सुरुवात दारापासून झाली. उपचाराची रीत सोपी होती. मार्सेलाने क्लिनिकच्या खोलीत आत बसायचं, दिवा लावून. सुप्रभाने बाहेरून दार वाजवायचं. उघडायचं की नाही, कधी उघडायचं, हे मार्सेलाने ठरवायचं. कोण आहे असं विचारायचंही तिने, हवं तेवढ्या मोठ्याने.

पहिल्या खेपेला सुप्रभा कॉरिडॉरमध्ये गेली आणि दार लावून घेतलं. समोर वेटिंग रूममध्ये ग्लादिस पाओलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने डोळे मिटून घेतले होते. सुप्रभाने हात उचलला, आणि तो तसाच राहिला. तिला दार वाजवता येईना. आत दिवा होता, मेणबत्ती नव्हती, ब्लँकेट नव्हतं, हे सगळं तिला माहीत होतं. तिने एक श्वास घेतला, सोडला, आणि बोटांच्या पेरांनी हलकेच टकटक केली.

आत काही हललं नाही. दाराखालच्या फटीतून उजेड दिसत होता. तो तसाच राहिला.

"कोण आहे?" बऱ्याच वेळाने मार्सेलाचा आवाज आला, कापरा, पण मोठा. दोन खोल्या पलीकडच्या माणसाने मान वर केली.

"मी सुप्रभा."

"एकट्याच आहात?"

"एकटीच."

आत खुर्ची सरकली.

"थांबा," मार्सेला म्हणाली. "मी सांगेपर्यंत थांबा."

"थांबते," सुप्रभा म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.